शिकवायला आलेल्यांचे घर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांची अपेक्षा होती की मी आयटीत आहे, तर मुलांना करिअरबद्दल चार शब्द सांगावेत. ते सांगणारे आज व्यासपीठावर माझ्यापेक्षा जाणकार लोक बसले आहेत. आजचा कार्यक्रम गुरुजनांच्या कृतज्ञतेचा आहे, म्हणून मी एका घराची गोष्ट सांगणार आहे. हे घर शिकवायला म्हणून फार लांबून आले, आपल्या शेजारच्या जिल्ह्यात रुजले, आणि त्याच्या तीन पिढ्या इथे खपल्या.

ते घर एका पाद्र्याचे आहे. अमेरिकन मिशनरी. आडनाव ह्यूम.

कुणाच्या मनात येईल की कान्होराज महाराजांच्या केंदुरात, दिंडीच्या आणि सप्ताहाच्या गावात, ही पाद्र्याची गोष्ट कशाला? मी स्वतः ख्रिस्ती नाही. माझ्या आजीच्या गळ्यात माळ होती आणि आमच्या घरात आजही एकादशी असते. पण ही गोष्ट कुठल्या धर्माची बाजू घेण्यासाठी मी सांगत नाही. परक्या गावात जाऊन शिकवण्याचे काम एखादा माणूस पत्करतो तेव्हा त्याच्या घरात काय काय होते, हे मला या एका कुटुंबाच्या नोंदींतून जितके स्पष्ट दिसले, तितके दुसरीकडे कुठे दिसले नाही.

या नोंदींपर्यंत मी कशी पोहोचले तेही सांगते. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्यात रेव्हरंड टिळक नगरला मिशनच्या कामात येतात, आणि तिथे ह्यूमसाहेब भेटतात. हे ह्यूमसाहेब कोण, एवढ्याच उत्सुकतेने मी शोधायला लागले. माझे नोकरीतले काम जुन्या यंत्रणेतल्या नोंदी नव्या यंत्रणेत नेण्याचे आहे. दोन नोंदी एकाच माणसाच्या की वेगवेगळ्या माणसांच्या, हे ताडून पाहण्यात माझा दिवस जातो. तीच सवय मी इथे लावली. जुन्या मजकुरात कुठेही नुसते 'मिसेस ह्यूम' असे आले, की साल पाहिल्याशिवाय कळेना की या कोणत्या मिसेस ह्यूम. शोधता शोधता एकाच नावाखाली चार बायका निघाल्या. त्या चौघी नीट वेगळ्या केल्या, आणि मग सगळ्या घराची गोष्ट उलगडत गेली.

आधी थोडा भूगोल. आपण शिक्रापूरवरून नगर रस्त्याला लागलो की तासाभरात शिरूर येते. जुने लोक त्याला घोडनदी म्हणतात. इंग्रजांच्या काळात तिथे लष्कराची छावणी होती. घोड नदी ओलांडली की पारनेर तालुका, आणि पुढे नगर, आताचे अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशन नावाची संस्था १८१३ साली मुंबईत सुरू झाली. सुरुवातीला कंपनी सरकारला हे लोक नकोच होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या पहिल्या दोघांना परत जाण्याचे हुकूम सुटले होते. ते कसेबसे टिकले. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीने गेले. तेव्हा त्यांचे वय एक्केचाळीस होते, आणि बायको-मुले अमेरिकेच्या वाटेला लागलेली होती. १८३१ मध्ये मिशनने नगरला ठाणे घातले, आणि पुढे १८४० नंतरच्या दशकात शिरूरलाही. म्हणजे ही गोष्ट आपल्याच रस्त्यावरची आहे.

ह्यूम घराण्यातले पहिले जोडपे १८३९ साली मुंबईत उतरले. रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि त्यांची पत्नी हॅना. एप्रिलमध्ये अमेरिकेहून निघालेले जहाज ऑगस्टमध्ये पोहोचले. त्या काळी असे निघणे म्हणजे बहुधा कायमचेच. आईवडिलांचे तोंड पुन्हा दिसेल याची खात्री नाही, पत्र गेले तर उत्तर यायला कित्येक महिने. रॉबर्ट मराठी शिकले, प्रवचने करू लागले आणि 'ज्ञानोदया'च्या संपादनाचे काम त्यांनी बरीच वर्षे पाहिले. 'ज्ञानोदय' हे मराठीतले अगदी जुने नियतकालिक. १८४२ साली ते नगरला निघाले. धर्मप्रसार हा त्याचा हेतू होताच, पण विज्ञान, भूगोल, समाजातल्या रूढी या विषयांवरही त्यात मराठीत लिहिले जाई. त्याचे पहिले संपादक हेन्री बॅलंटाइन. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

पंधरा वर्षांनी रॉबर्ट यांची प्रकृती ढासळली. १८५४ मध्ये सगळे कुटुंब अमेरिकेला परत निघाले. वाटेत, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, रॉबर्ट जहाजावरच वारले. हॅना लहान लहान मुले घेऊन पुढे गेली. थोरल्या रॉबर्टला तेव्हा सातवे वर्ष होते, धाकट्या एडवर्डला सहावे. दोघेही मुंबईत जन्मलेले. ज्या देशाला ते 'घरी' म्हणून निघाले होते, तो त्यांना अजून दिसायचा होता.

ही पहिली मिसेस ह्यूम. नवऱ्याबद्दल चार ओळी कुठेही सापडतात. त्या मुलांना एकटीने वाढवून, येल विद्यापीठापर्यंत शिकवणाऱ्या या बाईबद्दल त्यामानाने फार थोडे लिहिलेले आढळते. आणि ज्या कामाने आपला नवरा गेला, त्याच कामावर आपले दोन्ही मुलगे परत जात आहेत, हे तिला पाहावे लागले. तिला तेव्हा काय वाटले असेल, हे इथे बसलेल्या प्रत्येक आईला मी सांगायची गरज नाही.

थोरला रॉबर्ट, म्हणजे रॉबर्ट ॲलन ह्यूम, १८७४ साली सत्ताविसाव्या वर्षी नगरला आला. 'स्मृतिचित्रे'तले ह्यूमसाहेब ते हेच. सोबत पत्नी ॲबी. तिचीही कथा तशीच. तिचे वडील एबेनेझर बर्जेस नगर भागात मिशनरी होते. त्यांचे नाव आज मिशनरी म्हणून फारसे कुणाला ठाऊक नाही. पण भारतीय ज्योतिर्गणिताचा अभ्यास करणाऱ्यांना ते माहीत असते, कारण 'सूर्यसिद्धान्त' या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद त्यांनी केला आणि तो १८६० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. धर्म शिकवायला आलेला माणूस इथल्या पंचांगाचे गणित शिकून गेला. ॲबीची आई ॲबिगेल ही, मुलींसाठी माउंट होल्योक नावाची प्रसिद्ध शिक्षणसंस्था काढणाऱ्या मेरी लायन यांची भाची. ती १८५३ साली इकडेच वारली, ॲबी लहान असताना.

आणि आता पाहा. ॲबी स्वतः आईविना वाढली, मोठी होऊन परत इथे आली, नगरला संसार मांडला, मुले झाली, आणि १८८१ मध्ये तीही गेली. सात वर्षांचा संसार. मागे राहिलेली मुले अगदी लहान. त्यातला रॉबर्ट अर्नेस्ट जेमतेम चार वर्षांचा होता. ही दुसरी मिसेस ह्यूम.

तिसरी म्हणजे धाकट्या एडवर्डची पत्नी शार्लट. या दोघांनी मुंबईत भायखळ्याला मिशनची शाळा वाढवली. भायखळ्याचे ह्यूम हायस्कूल आजही आहे. नगरचे लोक मुंबईच्या मिसेस ह्यूमची नोंद नगरच्या खात्यात टाकतात आणि सगळा घोळ होतो, हे माझ्या कामाच्या भाषेत सांगायचे झाले तर.

चौथीकडे येण्यापूर्वी हे पाद्री दिवसभर करत काय, ते थोडक्यात सांगते. आपल्या डोळ्यांसमोर पाद्री म्हणजे चर्चमध्ये पांढरा झगा घालून उभा असलेला माणूस येतो. खेड्यापाड्यांतल्या मिशनऱ्याचे काम वेगळे होते. पावसाळा सरला की बैलगाडीत तंबू, भांडी, पुस्तके आणि औषधांची पेटी घालायची आणि गावोगाव हिंडायचे. बहुतेक गावांत त्यांना जागा मिळे ती गावकुसाबाहेर. तिथेच शाळा. मास्तर बहुधा नव्याने ख्रिस्ती झालेला एखादा मराठी तरुण. साहेबाने यायचे, मुलांची परीक्षा घ्यायची, मास्तरांचा पगार द्यायचा, भांडणे मिटवायची, आजाऱ्याला गोळी द्यायची आणि पुढच्या गावाला निघायचे. नगरला १८७८ साली रॉबर्ट ह्यूम यांनी धर्मोपदेशक तयार करणारी पाठशाळा काढली. टिळक ख्रिस्ती झाल्यावर याच नगरमध्ये शिकवू लागले.

लोकांना ख्रिस्ती करणे हा त्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. त्यावरून घरे फुटली. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय गुदरले, ते त्यांनीच लिहून ठेवले आहे, आणि ते वाचताना आजही गलबलून येते. या शाळांनी गोऱ्या माणसाचा रुबाब वापरला, हेही खरे. आणि त्याच शाळांत महार-मांगांची मुले पाटीवर अक्षर गिरवू लागली, हेही तितकेच खरे. गावातल्या दुसऱ्या शाळेत त्यांना ओसरीवरही जागा नव्हती. नगरच्या मिशनमध्ये सिंथिया फरार नावाच्या बाई मुलींच्या शाळा चालवत. त्या शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांच्या मनात पुण्यात मुलींची शाळा काढण्याचे आले. माझ्यासारखी केंदूरची मुलगी इंजिनिअर होऊन आज इथे बोलते आहे, त्या वाटेच्या अगदी सुरुवातीला कुठेतरी नगरची ती शाळा येते. म्हणून मी या माणसांना देव्हाऱ्यात बसवत नाही आणि त्यांच्या नावाने बोटेही मोडत नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, दोन्ही सांगायच्या.

आता या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. १८८६ साली रॉबर्ट ह्यूम रजेवर अमेरिकेत होते. तिकडे त्यांच्या पंथात एक मोठा वाद पेटला होता. जुनी शिकवण अशी की येशूचे नावही न ऐकता जे मेले त्यांना मुक्ती नाही. अँडोव्हर इथल्या धर्मशाळेतले काही प्राध्यापक म्हणू लागले होते की तसे नसावे, अशांना मृत्यूनंतरही संधी मिळत असेल. ह्यूम यांनी जाहीर सभेत या नव्या विचाराच्या बाजूने मत मांडले.

ह्यूम यांना हा प्रश्न पुस्तकी का वाटला नसेल, ते आपल्याला सहज समजेल. नगरच्या एखाद्या खेड्यात तुम्ही दुष्काळात राबलेल्या शेतकऱ्यासमोर उभे आहात. तो तुमचे सगळे ऐकून घेतो आणि विचारतो, मग माझ्या आजोबाचे काय? तो तर तुमचे बोलणे ऐकण्याआधीच गेला, आणि सज्जन होता. त्याला तुम्ही काय उत्तर देणार? अमेरिकेत बसून नियम लिहिणाऱ्यांना हा आजोबा दिसत नव्हता. ह्यूम यांना दिसत होता.

मिशनच्या वरिष्ठ मंडळाने त्यांचे परत जाणे रोखून धरले. विचार करा. माणूस एकोणचाळीस वर्षांचा. बायको वारलेली, मुले लहान, दुसरा काही धंदा नाही, आणि बारा वर्षे जे काम उभे केले ते समुद्रापलीकडे खोळंबलेले. एक वाक्य मागे घेतले असते तर प्रकरण मिटले असते. बराच वाद होऊन अखेर १८८७ मध्ये त्यांना परत यायची परवानगी मिळाली. आपल्या आजोबांसाठी, ज्यांचे नाव त्याला माहीत नव्हते अशा माणसांसाठी, कुणीतरी तिकडे आपली भाकरी पणाला लावली होती, हे मला फार मोठे वाटते. आणि मला असेही वाटते की बारा वर्षे इथल्या माणसांत काढली नसती तर हे धाडस त्यांच्याने झाले नसते. गुरुजी शिकवत होते, पण शिकतही होते.

त्याच १८८७ साली त्यांनी दुसरे लग्न केले. केटी फेअरबँक. चौथी मिसेस ह्यूम. केटीचे वडील सॅम्युएल फेअरबँक नेवाशाकडच्या वडाळ्याला मिशनरी होते. धर्मोपदेशाच्या जोडीला त्यांना पक्ष्यांचा आणि शंखशिंपल्यांचा नाद होता. दक्षिणेतल्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही 'फेअरबँक' आहे. आणि केटीचे आजोबा म्हणजे तेच हेन्री बॅलंटाइन, 'ज्ञानोदया'चे पहिले संपादक. ही घरे अशी एकमेकांत गुंतलेली होती, आपल्याकडच्या सोयरिकींसारखी. केटीने आपल्या सवतीची मुले वाढवली, असे आपल्याकडे म्हणतील. तिच्याही नावापुढे नोंदीत तेच, मिसेस ह्यूम.

१८९३ च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे नाव निघाले की आपल्याला विवेकानंद आठवतात. त्या परिषदेत नगरचे हे ह्यूमही बोलले होते. ख्रिस्ती आणि हिंदू विचार एकमेकांशी कुठे जुळतात आणि कुठे वेगळे पडतात, हा त्यांचा विषय. मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. आपल्या भागाला दुष्काळ समजावून सांगायला नको. थिटेवाडीचा बंधारा होण्यापूर्वी वेळ नदी उन्हाळ्यात कशी दिसायची, ते इथल्या वडीलधाऱ्यांना विचारा. १९७२ ची आठवण अजून घराघरांत आहे. त्या आधीच्या दुष्काळात अमेरिकेहून आलेली मदत वाटण्याच्या कामात ह्यूम पुढे होते. शेकडो अनाथ मुले मिशनने सांभाळली. नुसते जेवण घालून न थांबता त्यांना सुतारकाम, विणकाम असे हाताचे काम शिकवले. सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. १९२६ पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे, ते इथे राहिले. १९२९ मध्ये अमेरिकेत वारले.

तिसरी पिढी. ॲबीची मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरला परत आली आणि बायका-मुलांच्या दवाखान्यात तिने काम केले. नगरचे बूथ हॉस्पिटल त्याच दवाखान्यातून पुढे आले. एडवर्डचा मुलगा, तोही नगरला जन्मलेला, डॉक्टर होऊन चीनमध्ये चांग्शा इथे गेला. आणि चार वर्षांचा असताना आईला मुकलेला रॉबर्ट अर्नेस्ट? त्याने संस्कृत शिकून तेरा प्रमुख उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद केला. १९२१ साली ऑक्सफर्डने तो छापला आणि पुढे कित्येक दशके जगभरच्या विद्यापीठांत तो वापरला गेला. आईचा बाप सूर्यसिद्धान्ताचा अनुवादक, नातू उपनिषदांचा. मधे दोन बायकांच्या मृत्यूची किंमत.

हे एकाच घरात झाले असेही नाही. रेव्हरंड जस्टिन ॲबट हेही मिशनऱ्याचेच पुत्र. वडील राहुरी भागात काम करत. 'भक्तिविजय' लिहिणाऱ्या महिपतींचे ताहराबाद त्याच राहुरी तालुक्यात. ॲबट निवृत्त होऊन अमेरिकेत गेले आणि उरलेले आयुष्य त्यांनी एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई, रामदास यांची चरित्रे आणि वचने इंग्रजीत आणण्यात घालवले. 'भक्तिविजया'चा अनुवाद त्यांनी पंडित नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने केला. इथल्या माणसांना आपला देव सांगायला आलेल्या घराचा मुलगा म्हातारपणी आपल्या संतांची ओवी घोकत बसला होता. कीर्तनाच्या गावातल्या आपल्याला याचा अर्थ कळायला वेळ लागू नये.

इतके सगळे सांगण्याचे कारण आता सांगते.

जो माणूस परक्या गावात शिकवायला जातो, त्याचे नाव राहते. त्याच्या कामाची किंमत मात्र त्याचे घर भरते. ती कुठे मांडलेली नसते. ह्यूम यांच्या बाबतीत ती मला शोधून का होईना सापडली, कारण ते लोक अहवाल लिहीत, पत्रे जपत. आपल्याकडे तीही सोय नाही.

समोर बसलेल्या आपल्या गुरुजनांकडे पाहा. यांतले कितीतरी जण केंदूरचे नाहीत. कुणी साताऱ्याकडून आले, कुणी सांगलीकडून, कुणी मराठवाड्यातून. त्यांना इथे यायला चार महिन्यांचे जहाज लागले नाही, पण ट्रंक आणि वळकटी घेऊन ज्या दिवशी ते शिक्रापूरला एसटीतून उतरले असतील, तो दिवस आठवून पाहा. गावठाणात भाड्याची एक खोली. उन्हाळ्यात टँकरची वाट. रात्री वीज नाही. गावी आजारी पडलेले वडील, आणि इथे दहावीचे जादा तास. हे जादा तास आपल्याला मिळाले. ते कुणाच्या तरी वेळेतून काढलेले होते.

सरांची मुले आपल्याच वर्गात होती. त्यांना पहिला नंबर आला तर "सरांचाच पोरगा", आणि नाही आला तर "सरांचा पोरगा असून". गाव जरा ओळखीचे व्हायला लागले की बदलीची ऑर्डर. नवी शाळा, नवे गाव, नवीन मित्र. जहाजावर बापाला मुकलेल्या रॉबर्टचे दुःख मोठे, मान्य. पण 'तुझे गाव कोणते' या प्रश्नाला लगेच उत्तर नसणे, ही दोघांची सारखीच अडचण.

आणि सरांच्या मिसेस. आपल्या गावात हा शब्द असाच आहे. "सरांच्या मिसेस आल्यात", "सरांच्या मिसेसना विचार". आम्ही मुली त्यांना काकू म्हणायचो. आमच्या एका सरांच्या काकू संध्याकाळी ओट्यावर आम्हा चार मुलींना बसवून इंग्रजीचे शब्द पाठ करून घ्यायच्या. त्या स्वतः पदवीधर होत्या. नवऱ्याच्या नोकरीच्या गावाला त्यांच्यासाठी नोकरी नव्हती. अकरावीला सायन्स घ्यायचे म्हणून मी हट्ट धरला तेव्हा माझी आजी म्हणाली होती, "पोरीची जात, रोज शिक्रापूरला कोण पाठवणार?" त्या काकू आमच्या घरी आल्या, चुलीपुढे आजीजवळ बसल्या, आणि तासाभराने उठल्या तेव्हा आजी म्हणाली, "जाऊ दे तिला." काय बोलल्या, आजीने कधी सांगितले नाही. हजेरीपत्रकात, पगारपत्रकात, शाळेच्या सुवर्णमहोत्सवी फलकावर, कुठेही त्या काकूंचे नाव नाही. असण्याचे कारणही नाही, कारण त्या शाळेत नोकरीलाच नव्हत्या.

शंभर वर्षांनी कुणी आपल्या शाळेचा इतिहास शोधायला बसले, तर त्यालाही माझ्यासारखेच करावे लागेल. 'मिसेस' या एका शब्दाखालून एकेक बाई वेगळी काढत बसावे लागेल. आणि आपल्याकडे तर मिशनचे अहवालही नाहीत. आहेत ती आपली डोकी, आणि ती आता पन्नाशीकडे निघाली आहेत.

म्हणून माझी एक सूचना आहे. कृतज्ञता म्हणून आज आपण गुरुजनांना शाल आणि श्रीफळ दिले, ते योग्यच झाले. पण या स्मरणिकेच्या पुढच्या आवृत्तीत आपण एक यादी छापू या. प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे ते कोणत्या गावाहून आले, किती वर्षे राहिले, कुठल्या आळीत कुणाच्या घरी भाड्याने राहिले, आणि त्यांच्या घरी कोण कोण होते. पत्नीचे किंवा पतीचे पूर्ण नाव. मुलांची नावे. सोबत आईवडील राहत असतील तर त्यांची. आपल्या बाईंचे यजमान आठवड्याला एकदाच पुण्याहून यायचे आणि मुलगी आत्याकडे वाढली, असे असेल तर तेही. शिपाईमामांचे घरही त्या यादीत हवे, कारण शाळेची घंटा त्यांच्या घराच्या घड्याळावर चालायची.

यादी मांडण्याचे काम माझ्याकडे. नोंदी जुळवणे, दोनदा आलेली नावे काढणे, स्पेलिंगची भांडणे सोडवणे, हा माझा रोजचा धंदाच आहे आणि त्याचे मी तुमच्याकडून बिल घेणार नाही. नावे मात्र तुम्ही द्यायची. भोजनानंतर मी दाराजवळच्या टेबलावर वही घेऊन बसते आहे. घाई करू नका, पण आठवून सांगा. आणि गुरुजनांना विनंती, आज तुम्ही स्वतःबद्दल बोलूच नका. तुमच्या घरच्यांबद्दल सांगा. संकोच करू नका, ही परीक्षा आमची आहे.

वहीतले पहिले नाव मी आधीच लिहिले आहे. त्या काकूंचे. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीला फोन करून विचारून घेतले. त्या आता कराडला असतात, तब्येत बरी आहे, आणि मुलीने सांगितले की त्यांना अजून आमच्या चौघींची नावे क्रमाने येतात.